पैलवान फिस्कारला

रात्रीचे साडेदहा. लाईट आत्ता आली. पंख्याखाली केस पुसत बसलेय आणि डोक्यात तेच घोळतंय, ताईंचा बोका पैलवान माझ्यावर फिस्कारला.

नुसता फिस्कारला. पंजा मारला नाही, काही नाही. तरी व्हीनस कॉर्नरपासून घरापर्यंत गाडीवर रडत आले. पावसात कोण बघतंय म्हणा.

ताई नसताना त्यांची मांजरं सांभाळतेय, अकरा दिवस झाले. सकाळ-संध्याकाळ दोन खेपा, वाळू चाळायची, डोळ्यांच्या कडा पुसायच्या. राजारामपुरीतली ती पर्शियन बया फणी फिरवल्याशिवाय जेवत नाही, तिचंही करतेच की. पण पैलवान आपला, असं मनात धरून बसले होते. कशावरून? सहाव्या दिवशी एकदा मांडीवर बसला होता. तेवढ्यावरून.

दिवसभर उकडून काढलं आणि चारला वळीव सुटला. कुंभार गल्लीत पोचले तर समोरच्या शेडची ताडपत्री सुटून फडाफडा वाजत होती, दोन पोरं कच्च्या गणपतींवर वाकून ती धरत होती. आत ठमी, ताईंची दुसरी मांजर, ओट्यावर निवांत. पैलवान कपाटात, ताईंच्या साड्यांमागं. बाहुल्या एवढ्या मोठ्या झालेल्या, की डोळ्यांत पिवळं उरलंच नव्हतं. सकाळची वाटी तशीच. कालही वारं होतं, कालचीही तशीच टाकली होती. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरवर चरबी चढते, जाड्यांना धोका जास्त, आणि हा साडेसहा किलोचा गडी. म्हणून वाटीसकट हात आत घातला. नेमकी तेव्हाच वीज कडाडली.

फिस्स.

मला का लागावं एवढं? फ्रिजवर ताईंची चिठ्ठी आहे, पावसाळ्याची, बारा महिने तिथंच असते: ‘राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की बास्केट काढ, ४३ ची वाट बघू नको.’ आमच्या कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी त्या बंधाऱ्यावर मोजतात, ३९ ला इशारा, ४३ ला धोका. २०१९ ला आणि २०२१ ला त्याच बास्केटातून त्याला पाण्यातनं बाहेर काढलाय त्यांनी. त्यांच्यापुढं माझे अकरा दिवस ते काय! कळतंय. कळूनही लागतंय. पुण्याहून परत आल्यापासून जरा असंच होतंय... जाऊ दे.

गारा पडायला लागल्या की आजी अंगणात पहार फेकायची आणि मी कॉटखाली. एकदा आत्या मला ओढून काढायला आली, तर तिच्या मनगटाला कडकडून चावले होते. ती अजून जागा दाखवते, तीही लग्नकार्यात, चारचौघांत. पण म्हणून ती रडत बसली नव्हती. एक धपाटा घातला आणि चहा ठेवायला गेली.

धपाटा काही मला जमला नाही. वाटी कपाटाच्या तोंडाशी ठेवली, दार चार बोटं उघडं ठेवलं आणि निघाले. ताईंना ठमीचा फोटो पाठवला. लगेच उलट मेसेज, ‘पैलवान कुठाय?’

‘झोपलाय,’ म्हटलं.

उद्या सुका जवळा भाजून नेते. साड्यांना वास लागेल. लागू दे.