परसातल्या हौदात चतुर यायला लागले, त्याची गोष्ट (माझा अनुभव)

गेल्याच्या गेल्या ऑक्टोबरात आमच्या सासूबाईंना डेंगी झाला. सहा दिवस ताप, डोळ्यांच्या मागं ठणकतंय म्हणून डोकं धरून बसायच्या, प्लेटलेट्स रोज खाली, आणि मी येळ्ळूरहून बेळगावला डबा घेऊन रोज ये-जा. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "आपल्याच घरातला डास चावला असणार बघ, मी कुठं बाहेर जाते?" ते माझ्या मनाला लागलं कारण खरंच होतं. डेंगीचा एडिस डास दिवसा चावतो आणि गटारीपेक्षा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात जास्त वाढतो, आणि आमच्या नळाला पाणी रोज येत नाही म्हणून मोरीत दोन बॅरल, परसात एक, शिवाय म्हशी होत्या तेव्हाचा सिमेंटचा हौद, ज्यात पावसाचं पाणी साठून राहिलेलं. डास आम्हीच वाढवत होतो.

चतुर म्हणजे ज्याला आमच्याकडं पोरं हेलिकॉप्टर म्हणतात तो. भाताचं रोप लावताना डोक्यावर घिरट्या घालत असतात, लहानपणापासून बघितलेत, पण त्यांची पिल्लं पाण्यात राहतात आणि डासांच्या अळ्या खातात हे मला तोवर माहीत नव्हतं. मग वाचत गेले. म्यानमारमधल्या यांगूनमध्ये लोकांच्या घरातल्या पाण्याच्या भांड्यांत चतुराची पिल्लं सोडून एडिस कमी केले होते, त्यावरचा अभ्यास १९९० साली छापून आलाय. म्हटलं तिथं घरातल्या भांड्यात जमलं तर आपल्या एवढ्या मोठ्या हौदात का नाही.

फेब्रुवारीत हौद घासून घेतला, विहिरीचं पाणी भरलं आणि वाट बघत बसले. पहिला उन्हाळा पूर्ण वाया गेला. एकतर हौद फणसाच्या सावलीत, चतुराला पाण्यावर ऊन लागतं, दिवसाचे पाच-सहा तास तरी, ते मला उशिरा कळलं. दुसरं म्हणजे पाणी भरल्यावर आधी डास येतात, चतुर नाही. डासाचं अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवसांत उरकतं, चतुराच्या पिल्लाला दीड-दोन महिने, काही जातींना त्याहून कितीतरी जास्त, म्हणजे मधल्या काळात हौद डासांचाच. मामंजी काठावर उभे राहून म्हणाले, "डास पाळूलालीस काय गं?" आणि पाण्यात बघितलं तर खरंच अळ्या वळवळत होत्या. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गाळणीनं अळ्या काढून मातीवर टाकायचं काम मागं लागलं, ते पाऊस लागेपर्यंत सुटलं नाही.

मधेच आशाताई आल्या. त्या निम्मं मराठी निम्मं कन्नड बोलतात, हौद बघून आधी "नीरु निल्लबारदु, पाणी साठवू नका" म्हणून ओरडल्या आणि मग मी सगळं सांगितल्यावर म्हणाल्या गप्पी मासे सोडा. सोडले. अळ्या चार दिवसांत साफ, मला वाटलं झालं काम. पण गप्पी मासा चतुराची लहान पिल्लंपण खातो, म्हणजे मासे ठेवले तर त्या हौदात चतुर वाढणं अवघड. दोन्हीपैकी एकच. शेवटी सगळे मासे बादलीत धरून विहिरीत सोडले, विहिरीला ऊनही नाही आणि झाडंही नाहीत, तिथं मासेच बरे. हौद चतुरांना ठेवला. ज्यांना एवढं थांबायचं नाही त्यांनी सरळ गप्पी सोडावेत, ते वाईट नाहीत, उलट लवकर काम करतात.

मे महिन्यात फणसाच्या दोन फांद्या काढल्या, मामंजींना न विचारता, त्यावरून दोन दिवस अबोला होता. हौदाच्या एका कडेला दगड-माती टाकून उतार केला, कारण सरळ सिमेंटची भिंत असली की पिल्लाला वर चढायला आधार मिळत नाही. मातीच्या कुंड्यांत वेखंड लावून त्या पाण्यात ठेवल्या, कडेला लव्हाळा शेतातनं आणला, तळाशी ओढ्यातलं पाणगवत. शेजारच्यांनी जलपर्णी देऊ केली होती, फुलं छान म्हणून, पण ती सगळं पाणी झाकून टाकते म्हणून घेतली नाही. पोरगा लहान आहे म्हणून तिन्ही बाजूंनी तट्ट्या बांधल्या.

आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, दोन मोठे पाऊस झाल्यावर, पिवळसर चतुर आले. ते पावसाबरोबर येतात, साचलेलं पाणी दिसलं की मादी शेपटीचं टोक पाण्यात टेकवत टेकवत अंडी घालत जाते. पंटाला फ्लॅव्हेसेन्स त्याचं नाव. याच जातीचे चतुर ऑक्टोबरात मालदीवमध्ये थव्यानं उतरतात, तिथं गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत, तरी दरवर्षी येतात. तिथं राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन नावाच्या शास्त्रज्ञानं २००९ साली मांडलं की हे भारतातून निघून समुद्रावरून आफ्रिकेपर्यंत जात असणार. एवढंसं पाखरू, दोन इंचाचं. माझ्या हौदातलं एखादं गेलं असेल का तिकडं, हा विचार मी भाकऱ्या थापतानासुद्धा करते.

दुसरी जात मला आधी दिसलीच नाही कारण ती कंपाऊंडच्या भिंतीवर बसलेली, रंग अगदी सिमेंटसारखा करडा, काळे ठिपके. ग्रॅनाइट घोस्ट म्हणतात इंग्रजीत. ती सिमेंटच्या टाक्यांत आणि खडकातल्या डबक्यांत वाढते, म्हणजे आमच्यासारख्या घरांसाठीच आहे म्हणा ना. भाऊजींच्या काळ्या गाडीच्या बॉनेटवरपण एक मादी शेपूट आपटत होती, चकाकणारा पत्रा त्यांना पाण्यासारखा दिसतो, सगळी अंडी वाया जातात बिचारीची. तेव्हापासून पावसाळ्यात गाडीवर गोणपाट टाकतो.

जुलैअखेर पोरानं काचेच्या बरणीत एक पिल्लू ठेवलं, मातकट, सहा पायांचं, बोटाच्या पेराएवढं, आणि बॅरलमधल्या वीस अळ्या मोजून सोडल्या. त्याचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली असतो, अळी जवळ आली की झटक्यात पुढं येतो आणि परत आत, डोळ्याला नीट दिसतपण नाही. सकाळी तीन अळ्या उरल्या होत्या. मामंजींना बोलावून दाखवलं, ते बराच वेळ बरणीकडं बघत उभे राहिले आणि मग स्वतःच जाऊन पिल्लू हौदात सोडून आले. त्यानंतर हौदाला विहिरीचं पाणी तेच घालतात, आणि मिरचीवरच्या फवारणीचा पंप हौदाजवळ धुवायचा नाही हा नियमही त्यांचाच.

आता डास गेले का, तर सगळे नाही. संध्याकाळी गटारीकडून येणारे क्युलेक्स डास अजून येतात, चतुर उन्हात उडणारा, रात्री तो झोपलेला असतो, म्हणून मच्छरदाणी आहेच. हौदात मात्र गाळणी घालून अळी सापडत नाही. बॅरल दर शुक्रवारी रिकामे करून आतनं घासतो, नुसतं पाणी ओतून चालत नाही, एडिसची अंडी कडेला चिकटून कोरडी कित्येक महिने टिकतात. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, करवंट्या, हे सगळं चालूच. चतुर आले म्हणून हे सोडलं असतं तर परत दवाखाना.

रात्री पिल्लू वेखंडाच्या पात्यावर चढतं, पाठ फाटते, चतुर बाहेर येतो आणि पंख वाळले की पहाटे उडून जातो, कात तिथंच पात्याला धरून राहते, हात लावला तर कुरकुरीत. यंदा सासूबाई सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की हौदाकडं जातात आणि कात मोजतात. काल अकरा होत्या. एक चतुर अजून पात्यावरच होता, पंख ओले, तर मला हाक मारून म्हणाल्या, "इकडं धुणं आपटू नको आत्ता, त्याला वाळू दे."