कापूस फुटला

रशियन भाषेत ख्लोपोक असा एक शब्द आहे, टाळी वाजल्यासारखा फट् आवाज. 2022 ला युक्रेनवर हल्ला केल्यापासून रशियाच्या बातम्यांत स्फोट फारसे होतच नाहीत, होतात ते ख्लोपोक. आता गंमत अशी की याच शब्दात जोर पहिल्या अक्षरावर दिला की अर्थ होतो कापूस! युक्रेनवाल्यांनी ते बरोब्बर पकडलं आणि त्यांच्या भाषेतला कापूस, बावोव्ना, हाच शब्द स्फोटासाठी वापरायला लागले. कुठे रशियन दारूगोळ्याचा डेपो उडाला की झाला कापूस. मी विदर्भातला माणूस, आमच्याकडे कापूस फुटतो दिवाळीच्या सुमारास, तिकडे बारमाही.

हसू येतं, पण मोस्क्वा जहाजाचं वाचलं की नाही येत. एप्रिल 2022. काळ्या समुद्रातलं रशियाचं मुख्य जहाज. युक्रेन म्हणतंय आम्ही क्षेपणास्त्रं मारली, रशियाचं संरक्षण खातं म्हणतंय आग लागली, मग म्हणे ओढून नेताना वादळात बुडालं. आणि खलाशी? सगळे सुखरूप बाहेर काढले. आठवडाभराने तेच खातं सांगतं, 1 मृत, 27 बेपत्ता. म्हणजे 'सगळे' मध्ये हे 28 धरलेच नव्हते का? एका खलाशाच्या वडिलांनी सोशल मीडियावर उघड विचारलं की भर समुद्रात माणूस बेपत्ता होतो म्हणजे नेमकं काय होतं.

माघारीलाही अशीच नावं. काळ्या समुद्रातलं स्नेक आयलंड बेट सोडलं तर 'सदिच्छेचं पाऊल', खार्कीवकडून रणगाडे मागे टाकून निघाले तर 'सैन्याची फेररचना'. आपल्याकडे पानिपतची बातमी आली तीही आडवळणानेच, दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही. पण ती वाचून घरोघर रडारड झाली, कारण झाकलेल्या शब्दांतूनही काय गेलं ते पोचत होतं. इथे सगळा आटापिटा ते पोचू नये म्हणूनच.

आणि मूळ शब्द तर बोलायचाच नाही, युद्ध नाही, 'विशेष लष्करी मोहीम'. मॉस्कोत अलेक्सेई गोरिनोव नावाचे एक नगरसेवक, वय साठीच्या पुढे. मार्च 2022 मध्ये त्यांच्या वॉर्डाच्या बैठकीत विषय होता मुलांची चित्रकला स्पर्धा, म्हणजे आपल्याकडे गणपतीत असते तसली, आणि हे म्हणाले तिकडे युद्धात मुलं मरतायत आणि आपण स्पर्धा कसल्या घेतोय. सैन्याबद्दल खोटी माहिती पसरवली म्हणून जुलैत 7 वर्षांची शिक्षा झाली. कोर्टातल्या काचेच्या पिंजऱ्यात त्यांनी एक कागद वर धरला होता, तुम्हाला अजून हे युद्ध हवंय का, असं लिहिलेला.

त्याच वर्षी डिसेंबरात पुतिन स्वतःच पत्रकारांसमोर 'युद्ध' म्हणून बसले. पीटर्सबर्गच्या एका नगरसेवकाने लगेच तक्रार ठोकली, की कायदा सगळ्यांना सारखा, यांच्यावरही केस करा. केस काही झाली नाही. गोरिनोव मात्र आतच राहिले.