पाणी कोणी भरलं?

शाळेचा सुवर्णमहोत्सव आहे, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला आणि मला सगळ्यात आधी आठवली ती आमची शिवलेली वही. दर जूनमध्ये मराठीच्या बाई सगळ्यांना मागच्या वर्षीच्या वह्या आणायला सांगायच्या. उरलेली कोरी पानं काढायची, गठ्ठा करायचा, दाभणाने भोकं पाडायची आणि सुताने शिवायचं. सूत माझा बाकमित्र आणायचा. त्याचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, घरात तेलुगू, पुढच्या खोलीत टॉवेलचे दोन माग, त्यामुळे सुताला तोटा नाही. एकेरी रेघा, दुरेघी, चौकटी, मधेच चित्रकलेचं जाड पान, अशी ती वही.

तिच्यात रोज लिहायचं की आज कोणाकडून काय घेतलं. किराणा दुकानात उधारीची वही असते ना तशीच, फक्त पैसे सोडून. कंपासमधली पट्टी घेतली, गणित समजून घेतलं, डब्यातली शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ली, असलं सगळं डाव्या पानावर. उजव्या पानावर आपण कोणाला काय दिलं ते. माझं डावं पान भरलेलं असायचं आणि उजवं बहुतेक रिकामं. बाई त्यावर कधी काही बोलल्या नाहीत पण मला ते दिसायचं.

नववीत असताना वडिलांची मिल बंद पडली. सोलापुरात त्या वर्षांत असं कितीतरी घरांत झालं, त्यामुळे जास्त सांगत नाही. वडील दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि घर आईच्या विड्यांवर चालायचं. भिजवलेलं पान कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा, अशा हजार झाल्या की हजाराची मजुरी. सूप मांडीवर घेऊन ती बसली की बोटं आपली आपण चालायची, नजर कुठंतरी दुसरीकडेच. मला सगळ्यांचाच राग यायचा तेव्हा, का ते सांगता नसतं आलं. एक दिवस वहीत लिहिलं, "आज कोणाकडून काहीही घेतलं नाही."

दुसऱ्या दिवशी वही परत आली, खाली लाल पेनने एवढंच, "सकाळी अंघोळीचं पाणी कोणी भरलं?"

आपल्याकडचं पाणी सगळ्यांना माहितीय, रोज कधी आलंच नाही, आणि यायचं ते आमच्या बोळात रात्री दोन-अडीचला. त्या रात्री मी जागा राहिलो. नळ आधी नुसता फुसफुसला, मग आई उठली, पदर खोचला, हंडा, घागर, पिंप, शेवटी तांब्यासुद्धा भरून ठेवला. दिवसभर विड्या वळलेली बाई, एका हाताने कंबर धरून. मी उठून घागर उचलली तर म्हणाली, "झोप की रे, सकाळी शाळा हाय." नाही झोपलो. त्या रात्रीपासून दहावी होईपर्यंत पाण्याच्या दिवशी मी उठलो, आणि उजव्या पानावर पहिल्यांदा काहीतरी लिहिलं.

बाई वर्गात सिद्धेश्वर तळ्याची गोष्ट पण खूप रंगवून सांगायच्या. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी ते लोकांच्या श्रमदानातून खोदून घेतलं, म्हणजे पाट्या उचलणारे हात आपल्यासारख्यांचेच होते. डॉ. कोटणीस आपल्या सोलापूरचे, १९३८ साली चीनला गेले, तिथल्या जखमींवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. त्यांच्यावर भाषण करायला आम्ही सगळे पुढे, तेव्हा बाई म्हणायच्या, चीन लांब आहे रे, आधी बाकावर शेजारी कोण बसलंय ते बघ. माझ्या मते शाळेने आम्हाला यापेक्षा मोठं काही शिकवलं नाही, मार्कांची गोष्ट वेगळी.

पुढे नोकरीसाठी पुण्याला आलो आणि वही सुटली. चाळिशी ओलांडल्यावर ऑफिसच्या चेकअपमध्ये एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ६.२ आलं. डॉक्टर म्हणाले ५.७ पासून ६.४ पर्यंत डायबेटिसच्या आधीची पायरी, अजून गोळी नको, पण चालणं, जेवणाच्या वेळा, झोप हे सगळं सुधारा. मी घाबरलो, आईला शुगरने शेवटी किती त्रास दिला ते बघितलं होतं. चालायला लागलो, आणि कसं कोण जाणे, चालताना डोक्यात तीच वही यायला लागली. फोनमध्ये लिहून बघितलं, आठ दिवस टिकलं. मग मुलीच्या जुन्या वह्यांची पानं काढून शिवली, तेव्हापासून सुरू आहे. रात्री जेवण साडेआठला, मग चार ओळी लिहायच्या, मग झोप, फोन बाहेरच्या खोलीत. वर्षभराने रिपोर्ट ५.६ आला. चालण्याने आला हे मला कळतं, पण चालणं टिकलं ते वहीमुळे, कारण "आज स्वतःच्या पायांना काय दिलं" हे पण मी त्यात लिहितो.

सोलापूरला आलो की पहाटे तळ्याकाठी चालायला जातो. बाकमित्र पण येतो, त्याचे माग आता बंद आहेत पण सूत अजून ठेवलंय. मागच्या वेळी बोलता बोलता आमचं ठरलं की यंदा जूनमध्ये पाचवीच्या मुलांबरोबर शाळेत बसून वह्या शिवायच्या. मुख्याध्यापकांनी हो म्हटलंय. सूत तो आणणार, दाभण मी आणतो. तुमच्या घरी मुलांच्या अर्धवट राहिलेल्या वह्या असतील तर रद्दीत घालू नका, महोत्सवाला येताना घेऊन या, चित्रकलेची पानं असली तरी चालतील.