ओळखीच्या नंबरावरून येणारा स्पॅम

लातूर, धाराशिव आणि बीड या जिल्ह्यांतील सोयाबीन व तूर उत्पादकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप मी चालवतो. एका ग्रुपसाठी असलेली १०२४ सदस्यांची मर्यादा आता भरत आली आहे. त्यात चार-पाच एकरांचे शेतकरी आहेत, मोंढ्यातले आडते आहेत, कृषी सहायक आहेत आणि आयुष्यभर पीकसंरक्षणाचे काम करून निवृत्त झालेले काही जाणकारही आहेत. या ग्रुपवर येणाऱ्या स्पॅमबद्दल, म्हणजे न मागता येणाऱ्या जाहिराती आणि फसव्या मेसेजबद्दल, सविस्तर लिहावेसे वाटते, कारण स्पॅम म्हणजे नुसती कटकट, मेसेज पुसला की विषय संपला, अशी अनेक ॲडमिनची समजूत असते आणि ती मला धोक्याची वाटते.

पहिले नुकसान सहज लक्षात येत नाही. २०२२ च्या खरिपात आमच्या भागात शंखी गोगलगाईंनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त केली आणि अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. अशा वेळी संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे शेतात ठिकठिकाणी टाकून ठेवावीत आणि सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून वेचून मिठाच्या पाण्यात बुडवाव्यात, हा साधा सल्ला त्याच दिवशी मिळाला तरच कामाचा असतो. पिकाचा फोटो टाकून कोणी विचारलेला प्रश्न घरबसल्या कमाईच्या आणि बिनव्याजी कर्जाच्या जाहिरातींखाली दबला, तर तो वर सरकवून शोधत बसण्याइतका वेळ कोणाकडेही नसतो. त्यातून उत्तर देणारी माणसे हळूहळू दूर जातात. ती तक्रार करत नाहीत, ग्रुप म्यूट करतात किंवा सोडून जातात. आणि कोणी ग्रुप सोडल्याची सूचना २०२२ पासून केवळ ॲडमिनलाच दिसत असल्यामुळे ही गळती इतरांच्या ध्यानातही येत नाही.

स्पॅमची मुळे फार जुनी आहेत. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विपणन व्यवस्थापकाने इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या संगणक-जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकाच वेळी जाहिरात पाठवली आणि तोच पहिला स्पॅम मानला जातो. पाठवणाऱ्याला जवळपास काहीच खर्च येत नाही, वाचणाऱ्यांचा मात्र वेळ जातो आणि शंभरातला एखादा फसला तरी पाठवणाऱ्याचे भागते, हे गणित तेव्हापासून बदललेले नाही.

अनोळखी स्पॅमरचा बंदोबस्त त्या मानाने सोपा आहे. ग्रुपची निमंत्रण लिंक कोणीतरी भल्या हेतूने फेसबुकवर टाकतो, तिथून परके नंबर आत येतात, काही दिवस गप्प राहतात आणि मग एकदम जाहिराती सुरू करतात. काही जण तर ग्रुपवर एक अक्षरही लिहीत नाहीत. ते सदस्यांचे नंबर उचलतात आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे गाठतात, त्यामुळे ग्रुप वरवर स्वच्छ दिसत असतानाही सदस्यांना त्रास होत राहतो. म्हणून आम्ही जुनी लिंक रद्द केली, नव्या सदस्याला ॲडमिनची मान्यता लागेल अशी सोय चालू केली आणि त्याच्या तालुक्यातील एका तरी सदस्याने त्या माणसाची ओळख सांगावी असा नियम ठेवला.

पेरणीच्या तोंडावर येणारा स्पॅम वेगळ्या जातीचा असतो. बदनापूरच्या संशोधन केंद्राचे बीडीएन ७११ आणि बीडीएन ७१६ हे तुरीचे वाण आमच्याकडे मागणीत असतात; नेमक्या त्यांच्याच नावाने ‘बियाणे घरपोच, निम्मी रक्कम आगाऊ’ असे मेसेज फिरू लागतात. कापूस पट्ट्यातील सदस्यांसाठी तणनाशक सहन करणाऱ्या, सरकारची मान्यता नसलेल्या एचटीबीटी बियाण्याच्या जाहिराती येतात. परवाना, पावती आणि पिशवीवरील लॉट नंबर यांपैकी काहीही न दाखवणाऱ्या विक्रेत्याचा मेसेज आम्ही ठेवत नाही, मग तो ओळखीचा असला तरीही.

खरा कठीण प्रश्न ओळखीच्या नंबरांचाच आहे. पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता जमा होण्याच्या सुमारास त्या योजनेच्या नावाची एक एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) ग्रुपवर येते, आणि ती पाठवणारा नंबर गावातल्या एखाद्या ज्येष्ठ, विश्वासू माणसाचा असतो. त्या माणसाने ती जाणूनबुजून पाठवलेली नसते. त्याने आधी तशीच फाइल उघडून ॲप बसवलेले असते, एसएमएस वाचण्याची परवानगी मागितल्यावर ती दिलेली असते, आणि त्यानंतर बँकेचे ओटीपी परस्पर भामट्यांकडे जातात व त्याच्या नावाने पुढच्या ग्रुपांवर तीच फाइल पसरते. नंबर ओळखीचा असल्यामुळे कोणी शंका घेत नाही. सरपंचांनी किंवा गुरुजींनी पाठवले म्हणजे खरेच असणार, या गावातल्या विश्वासावरच ही सगळी फसवणूक उभी आहे.

अशा वेळी मी प्रथम मेसेज सर्वांसाठी डिलीट करतो आणि तो नंबर तात्पुरता काढतो, मग लगेच घरी किंवा शेजाऱ्याच्या फोनवर संपर्क करतो: “गुरुजी, तुमच्या नंबरावरून एक फाइल ग्रुपवर आली आहे. तुम्ही तसे काही उघडले होते का?” ग्रुपवर त्यांचे नाव घेऊन मी कधीही विचारत नाही, कारण ज्याच्या खात्यातून पैसे जाण्याची भीती आहे त्याला चारचौघांत खजील केले, तर पुढचा माणूस घडलेले लपवून ठेवील. त्यांना सांगायचे एवढेच असते की मोबाइल डेटा बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते थांबवा आणि पैसे गेले असतील तर विनाविलंब १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ज्यांनी फाइल आधीच उतरवून घेतली त्यांच्या फोनमध्ये ती डिलीट केल्यानंतरही राहते, म्हणून फाइलचे नाव सांगणारी सूचना ग्रुपवर टाकावीच लागते.

‘फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असे करून टाका,’ असा सल्ला मला वारंवार दिला जातो. ती सोय २०१८ पासून आहे आणि ती वापरली तर स्पॅम खरोखरच थांबेल. पण मग शेतात उभे राहून पानावरची अळी कोणती हे विचारणारा शेतकरीही थांबेल, आणि त्याच्यासाठीच तर हा ग्रुप आहे. काही ॲडमिनना पोलिसांची धास्ती असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत नसेल, तर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला केवळ ॲडमिन म्हणून गुन्हेगार धरता येत नाही. कायद्याने एवढी मोकळीक दिली असली, तरी ज्या फाइलने एखाद्याच्या सोयाबीनच्या विक्रीचे पैसे जाऊ शकतात ती रात्रभर ग्रुपवर पडून राहू देणे मला पटत नाही. यासाठी आम्ही निरनिराळ्या तालुक्यांतील ॲडमिन नेमले आहेत आणि मेसेज काढण्यासाठी कोणीही दुसऱ्याच्या संमतीची वाट पाहायची नाही असे ठरवले आहे. चुकून चांगला मेसेज गेला तर तो पुन्हा टाकता येतो.

ज्यांचा नंबर काढावा लागतो त्यांना फोन दुरुस्त होताच आम्ही परत घेतो. त्यांची हरकत नसेल, तर नेमके काय घडले ते त्यांनीच ग्रुपवर आपल्या आवाजात सांगावे अशी विनंती करतो. माझ्या कितीही सूचनांपेक्षा त्या एका व्हॉइस मेसेजनंतर अधिक जण ‘ही लिंक खरी आहे का?’ असे आधी विचारू लागतात.