अपहाराच्या खटल्यातलं अपील आणि न येणारं रेकॉर्ड

मी ग्रामसेवक आहे. घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीत अपहार केला म्हणून तालुक्याच्या कोर्टानं मला भा.दं.वि. कलम 409 खाली तीन वर्षांची शिक्षा दिली होती. (नव्या न्याय संहितेत हेच कलम 316(5) झालंय.) पुढे अपिलात जिल्ह्याच्या सत्र न्यायालयानं पुराव्याअभावी मला निर्दोष सोडलं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल तर अपिलासाठी ती स्थगित करून जामीन खालचंच कोर्ट देऊ शकतं, तो मला शिक्षा झाली त्याच दिवशी मिळाला. अपीलही 30 दिवसांच्या मुदतीत दाखल झालं.

जीव खाल्ला तो ‘आर अँड पी’नं, म्हणजे ‘रेकॉर्ड अँड प्रोसिडिंग्ज’नं. खालच्या कोर्टातले साक्षीदारांचे जबाब, निशाण्या (पुराव्यात नंबर पडलेले कागद), पंचनामे, सगळं मूळ रेकॉर्ड वर आल्याशिवाय अपिलाची सुनावणी होत नाही. दर तारखेला पुकारा व्हायचा आणि ‘रेकॉर्ड आलं नाही’ म्हणून पुढची तारीख पडायची. ई-कोर्टच्या ॲपवरही तेच दिसायचं. तालुक्याला विचारलं तर ‘मागणीच आली नाही’. जिल्ह्याला विचारलं तर ‘मागणी कधीच गेली’. दोन्हीकडचे लोक खरंच बोलत होते आणि माझी नोकरी मात्र टांगणीला लागली होती. शिक्षेला स्थगिती मिळाली तरी दोषसिद्धी कायमच राहते, तिच्या जोरावर खातं बडतर्फीची कारवाई करू शकतं. तेव्हा ‘थांबा, येईल’ हे ऐकून घेण्याची माझ्यात ताकद उरली नव्हती.

शेवटी वकीलसाहेबांनी जिल्ह्यानं रेकॉर्डसाठी तालुक्याला पाठवलेल्या मागणीपत्राची नक्कल काढली. आर.सी.सी. नंबर (तालुक्याच्या कोर्टातला फौजदारी खटल्याचा नंबर) बरोबर, वर्ष चुकलेलं! त्या वर्षीच्या त्याच नंबरचा खटला मारामारीचा होता, तोही कधीच निकाली निघालेला. तालुक्याच्या कारकुनानं पत्र बाजूला ठेवून दिलं होतं. ते वर्ष वाचलं तेव्हा मला इतका संताप आला की बाकावर बसून राहिलो. दुरुस्तीचा अर्ज दिल्यावर नवं पत्र निघालं, आणि मग गठ्ठा यायला वेळ लागला नाही. म्हणून सांगतो, मागणीपत्राचा जावक नंबर घ्या आणि पत्रातला खटल्याचा नंबर व वर्ष स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. ‘पाठवलंय’ या शब्दावर परत फिरू नका.

आणखी एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. निकालाची प्रत आरोपीला फुकट मिळते, पण सगळ्या जबाबांच्या आणि निशाण्यांच्या नकलांसाठी अर्ज लगेच टाका. रेकॉर्ड वर गेलं की तालुक्यात नक्कल मिळत नाही. माझ्याकडे त्या होत्या म्हणून रखडलेल्या काळात वकीलसाहेब मुद्दे काढत बसले.

मुद्दा एकच होता: रक्कम माझ्याकडे सोपवली होती हे सरकारी पक्षानं सिद्ध केलंय का? वसुली करत होता शिपाई. करवसुलीच्या ‘नमुना 10’ची मूळ पावतीपुस्तकं जप्तच झाली नव्हती, कोर्टात नुसत्या झेरॉक्स होत्या. पावत्यांवरची सही माझी असल्याचं म्हणणं होतं, पण ती हस्ताक्षर तज्ज्ञाकडे गेली नव्हती. मूळ रोकड वही आपण पाहिली नाही, हे लेखापरीक्षकांनी उलटतपासणीत स्वतःच मान्य केलं होतं. वकीलसाहेबांनी 2021 चा सर्वोच्च न्यायालयाचा एन. राघवेंद्र निकालही दाखवला. त्यात तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण बँकेच्या शाखाधिकाऱ्याची 409 मधून सुटका झाली होती, कारण संशय कितीही असला तरी गुन्हा सिद्ध झाला नव्हता.

‘अपील मंजूर’ हे शब्द ऐकले तेव्हा बायकोनं माझा हात घट्ट धरला होता. मी चोर नाही, हे आता कोर्टाच्या कागदावर आहे.

खात्याची चौकशी वेगळी असते, फौजदारी सुटकेनं ती आपोआप संपत नाही. निकालाची प्रमाणित प्रत खात्याला द्या आणि पोच घ्या. शिक्षेसोबत दंड भरला असेल तर तो परत द्यावा, असं आदेशात लिहिलंय का तेही पाहा. नसेल तर वकिलांना लगेच सांगा.