स्नॉर्कलवर हात ठेवला, तरी इंजिन चालूच

गाडीच्या आधी तिचा स्नॉर्कलच दिसला. इंजिनाला वरून हवा पुरवणारा पाइप, काळा कुळकुळीत, पुढच्या काचेच्या कडेने थेट छपरापर्यंत गेलेला. 2024 च्या जुलैतली गोष्ट. नागपूरजवळच्या वाडीतल्या आमच्या गॅरेजसमोर चिखलाचं डबकं साचलं होतं आणि गाडी मुद्दाम त्यातूनच आत आली.

गाडी एका संस्थेची, भामरागडकडे औषधं नि माणसं नेणारी. जुन्या बांधणीची डिझेल फोर बाय फोर. चालवणारे काका गडचिरोली जिल्ह्यातलेच. चार दिवसांनी निघायचं होतं. संस्थेच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, "पाण्यातून जायची सगळी तयारी झालेली आहे, तुम्ही फक्त सर्व्हिसिंग करा."

'सगळी तयारी झालेली आहे' हे ऐकलं की मी आधी एक गोष्ट करतो. इंजिन आयडलवर ठेवायचं आणि स्नॉर्कलच्या तोंडावर जुन्या ट्यूबचा तुकडा गच्च दाबायचा. हवेला आत जायचा तो एकच रस्ता असेल तर इंजिन दोन-चार सेकंदांत गुदमरून बंद पडायला पाहिजे. मी दाबून धरलं. इंजिन आपलं घुरघुरत राहिलं, एका तालात, जसं काही झालंच नाही.

काका खूश. "मजबूत आहे न भाऊ!"

मजबूत कसली? हवा दुसरीकडून आत जात होती. म्हणजे पाणीही तिथूनच जाणार. बॉनेट उघडून टॉर्च मारला तर एक नाही, तीन भोकं. स्नॉर्कल जिथे आतल्या पाइपाला जोडला होता तिथे क्लिपच नव्हती, नुसता पाइप सरकवून वर सिलिकॉन फासलं होतं. फिल्टरच्या डब्याचं मूळ तोंड तसंच उघडं. आणि तिसरं ठिकाण कुणाच्याच लक्षात येत नाही: डब्याच्या बुडाशी असलेली रबरी चोच. धूळ नि पावसाचे थेंब बाहेर पडावेत म्हणून कंपनीच ती ठेवते. गाडी पाण्यात उतरली की हीच सगळ्यात खालची खिडकी. ज्याने कुणी स्नॉर्कल लावला त्याने पैसे शोभेचे घेतले होते.

काका म्हणाले, "थोडंसं पाणी गेलं तं काय होते?"

मी त्यांना कोपऱ्यातला कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालून ढकलणारा दांडा, दाखवला. इंग्रजी एससारखा वाकलेला आहे, मी मुद्दाम ठेवला आहे. 2023 च्या सप्टेंबरचा. 22 तारखेच्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, 23 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घरात शिरली. मोरभवनला एसटीच्या बस पाण्यात उभ्या होत्या. त्यानंतर आमच्याकडे टो होऊन आलेल्या गाड्यांची रांग लागली. बंद गाडीत पाणी शिरलं होतं त्यांचं बहुतेक निभावलं. ग्लो प्लग काढून सेल्फ मारला की चारही भोकांतून पिचकारी उडायची, एकदा तर छताच्या पत्र्यापर्यंत. पण एका गृहस्थांनी पाणी ओसरल्यावर 'चालू होते का पाहू' म्हणून चावी फिरवली होती. तो हा रॉड.

हिशेब साधा आहे. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन म्हणजे एका सिलिंडरमध्ये साधारण 625 सीसी. दाबाचं प्रमाण अठराला एक धरलं तर पिस्टन वर गेल्यावर उरणारी जागा फक्त 37 सीसी. टपरीवरच्या कटिंगपेक्षा कमी. हवा दबते, पाणी दबत नाही. जागेपेक्षा घोटभर जरी पाणी जास्त झालं तरी पिस्टन अडतो, रॉड वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो.

काका रॉड हातात घेऊन बराच वेळ पाहत बसले.

तीन भोकं बुजवण्यात अर्धा दिवस गेला. चोच काढून तिथे बूच बसवलं, जोडांना चांगल्या क्लिपा लावल्या. मग पुन्हा ट्यूबचा तुकडा. या वेळी तो हाताखालून आत खेचला गेला, आत कुठेतरी पाइप चपटा झाल्याचा आवाज आला आणि इंजिन धपकन बंद. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकांचा चेहरा पडला. "बिघडवली काय?"

खरं काम त्यापुढचं होतं, आणि ते कुणाला दिसत नाही. मागच्या हौसिंगचा, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या दातेरी चाकांच्या डब्याचा, बूच खोलला तर पाणी मिसळून तेलाचं ताक झालेलं. आधीच्या कुठल्या तरी नाल्याचा प्रसाद. रस्त्यावर पळून हौसिंग तापलेलं असतं. गाडी थंड पाण्यात उतरली की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदरच्या, म्हणजे हवा ये-जा करायला ठेवलेल्या, बारीक भोकातून, नाहीतर सीलच्या ओठातून, पाणी आत ओढते. वर स्नॉर्कल ऐटीत उभा आणि खाली दात गंजतायत! पुढचं हौसिंग, मागचं हौसिंग, गिअरबॉक्स, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस अशा चारही ब्रीदरना नळ्या जोडून बॉनेटखाली फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन नि केबिनमधल्या पत्र्याच्या, वरच्या कडेला नेऊन बांधल्या. तेलं बदलली. कनेक्टरना ग्रीस भरलं. जाळीपुढे बांधायला ताडपत्री कापली, कारण बेल्टवरचा पंखा पाण्यात बुडाला की बोटीच्या पंख्यासारखा पुढे ओढला जातो आणि पाती रेडिएटरला लागतात.

दारांना मात्र आधीच्या फिटरने जाड नवीन रबर लावलं होतं. पाण्याचा थेंब आत येऊ नये अशी साहेबांची इच्छा. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. हे मी कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी हिंगण्याकडच्या एका ओळखीच्या रपट्यावर, नाल्यातल्या बुटक्या काँक्रीट वाटेवर, गेलो. काका आधी पँट वर करून काठीने पार जाऊन आले. पाणी मांडीला लागत होतं, ओढ बेताची. गाडी लो रेंजमध्ये, दुसरा गिअर. मी शेजारी बसलो. पुढे लाट तयार झाली, बॉनेटखाली खळगा पडला, इंजिनाचा आवाज स्वच्छ. मी मनातल्या मनात बिल लिहायला लागलो होतो.

मध्यावर मागची बाजू हलकी झाली. आधी वाटलं चाक दगडावरून घसरलं. मग गाडीचं बूड सावकाश माझ्या बाजूला, प्रवाहाबरोबर, वीतभर सरकलं. रपट्याची कड माझ्या बाजूलाच होती.

काका ओरडले, "दार खोल! दार खोल भाऊ!"

मला कळेना. आत येऊ नये म्हणून जिवाचं रान केलेलं पाणी आत घ्यायचं? खांद्याने रेटून दार हातभर उघडलं. पायांवर गढूळ पाण्याचा लोंढा आला, माझी पानं-पक्कडची पिशवी तरंगायला लागली. आणि गाडी बसली. चाकं काँक्रीटला टेकल्याचं सीटमधून कळलं. काकांनी पाय न उचलता तिला तशीच पलीकडे काढली.

पलीकडे ते म्हणाले, "डोंगा केला होता न तुम्ही गाडीचा." बरोबरच होतं. आत पाणी नाही म्हणजे आत हवा. एक घनमीटर हवा बुडाली की एक टन वजन कमी, आणि गाडी दोन टनांचीही नाही. हे गणित मला येत होतं, फक्त गाडीला लावलं नव्हतं. परत आल्यावर रबर उखडलं, तळाची बुचं काढून काकांच्या हातात दिली.

साहेबांना फोनवर एवढंच सांगितलं की पाय ओले होतील, आणि स्नॉर्कल छपरापर्यंत आहे म्हणून पाणी छपरापर्यंत चालत नाही. कारखान्यातूनच स्नॉर्कल लावून येणाऱ्या गुरखा गाडीला कंपनी 700 मिलिमीटर खोल पाणी सांगते, नव्या थारला 650. आपली तर जुनी गाडी.

आठवड्याने काकांचा फोन आला. मागे पावसाचा आवाज.

"हौसिंगचं तेल पाहिलं. ताक नाही झालं."

"भामरागडला पोचलात?"

"नाई. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी आहे. इंद्रावती फुगली, उतरत नाही लवकर. गाडी हेमलकशाकडे लावली."

"मग आता?"

"मग काय. खिचडी टाकली आहे."