खूण ओळखली, तरी रस्ता का चुकतो?

मेंदूच्या दिशाज्ञानावर बोलून झाले की श्रोत्यांपैकी कोणीतरी, बहुधा इतर मंडळी पांगल्यावर आणि आवाज थोडा खाली आणून, मला एकच प्रश्न विचारते : "समोरची इमारत मला ओळखू येते, ती कुठे आहे हेही ठाऊक असते, तरी मी नेमका उलट्या दिशेला कसा चालू लागतो?" विचारणाऱ्याला आपली स्मरणशक्ती कच्ची असल्याची शंका असते. ती बहुतेक वेळा खोटी असते, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. एकदा मी भुयारी रेल्वेच्या स्थानकातून नेहमीपेक्षा वेगळ्या दाराने वर आलो, समोरचा घड्याळाचा मनोरा पाहताक्षणी ओळखला आणि त्या ओळखीच्या भरवशावर १५ मिनिटे अगदी निःशंक मनाने विरुद्ध दिशेला चालत राहिलो. मनोरा ओळखण्यात माझी काहीच चूक झाली नव्हती. तो पाहताना माझे तोंड कोणत्या दिशेला आहे, याविषयीचा माझा समज तेवढा चुकला होता.

खूण म्हणजे बाण काढलेली पाटी, अशी आपली समजूत असते. मेंदू मात्र खुणेचा उपयोग मुख्यतः वेगळ्या कामासाठी करतो. आपले घड्याळ मागेपुढे होते हे ठाऊक असल्यामुळे आपण ते अधूनमधून खात्रीच्या घड्याळाशी जुळवून घेतो, तसे मेंदू आपले आतले होकायंत्र खुणेशी जुळवून घेतो. हे होकायंत्र म्हणजे केवळ उपमा नव्हे. १९८४ मध्ये जेम्स रँक यांना उंदराच्या मेंदूत अशा चेतापेशी आढळल्या की ज्या डोके एका ठरावीक दिशेला वळलेले असतानाच जोमाने संदेश सोडतात. एखादी पेशी एका दिशेसाठी, दुसरी दुसऱ्या दिशेसाठी. उंदीर खोलीत कुठेही असो, काहीही करत असो, त्याने त्यांना फरक पडत नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वावर हे यंत्र चालत नाही. आपण किती वळलो याची अंतःकर्णाकडून येणारी वर्दी, स्वतःच्या हालचालींची जाणीव आणि डोळ्यांसमोरून सरकणारे दृश्य यांचा हिशेब ते सतत मांडत राहते. प्रत्येक वळणाच्या हिशेबात थोडी चूक होते, ती पुढच्या चुकीत मिसळते, आणि काळोखात ठेवल्यास काही मिनिटांतच यंत्र भरकटू लागते.

याच भरकटण्याला आपण चकवा लागणे म्हणतो. जर्मनीतील ट्युबिंगेनच्या संशोधकांनी २००९ मध्ये माणसांना जंगलात सरळ रेषेत चालायला सांगितले, तेव्हा सूर्य दिसत असताना त्यांची वाट बऱ्यापैकी सरळ राहिली, आणि आभाळ भरून आलेले असताना चालणारे नकळत आपलीच वाट ओलांडत गोल फिरले. भुतांवर फुकटच आळ येतो.

खुणेची सत्ता किती, हे मात्र रँक यांनी जेफ्री टाउब आणि रॉबर्ट म्युलर यांच्यासह १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जितके स्वच्छ दिसते तितके मला अन्यत्र कुठे दिसलेले नाही. उंदराला राखाडी भिंतींच्या एका गोल पिंपात सोडलेले होते, आणि त्या पिंपात खूण अशी एकच होती : भिंतीवर लावलेला एक पांढरा पुठ्ठा. उंदराला बाहेर काढून पुठ्ठा ९० अंशांनी फिरवला आणि त्याला परत आत सोडले, तेव्हा त्याच्या दिशापेशींची आवडती दिशाही जवळजवळ तेवढीच फिरली. १९७१ मध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांनी मेंदूतील हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात शोधलेल्या, विशिष्ट जागी आल्यावरच जाग्या होणाऱ्या स्थानपेशीही अशा पुठ्ठ्यामागे फिरतात. पण मला सर्वांत बोलकी वाटते ती गोष्ट वेगळीच : होकायंत्र सरकते तेव्हा एकत्र नोंदवलेल्या दिशापेशी सारख्याच अंशांनी सरकतात, त्यांचे परस्परांतील अंतर बदलत नाही. एकही पेशी विरुद्ध मत देत नाही. चुकीच्या दिशेला जाताना मनात साधी शंकाही का येत नाही, याचे कारण इथेच असावे असे माझे मत आहे.

ओळख आणि दिशा ही दोन निराळी कामे आहेत, हे मेंदूला इजा झालेल्या माणसांत उघडपणे दिसते. १९९७ मध्ये जपानी डॉक्टरांनी ज्या तीन रुग्णांचे वर्णन केले, त्यांच्या मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात मागच्या बाजूला, रेट्रोस्प्लेनियल म्हटल्या जाणाऱ्या भागात इजा झालेली होती. ओळखीच्या इमारती ते बिनचूक ओळखत. पण त्या इमारतीपासून कोणत्या बाजूला जायचे, हे त्यांना सांगता येत नसे. याच्या उलट, रस्त्यांचा नकाशा मनात शाबूत असून इमारतच ओळखू न येणारे रुग्णही आढळतात. मला प्रश्न विचारणाऱ्यांचा मेंदू धडधाकट असतो, पण त्यांची चूक पहिल्या जातीची असते.

अर्थात, मेंदू कोणत्याही खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. १९९५ मधील एका प्रयोगात उंदरांना पिंपात सोडण्याआधी दर वेळी गोल फिरवून त्यांचे दिशाभान घालवले जाई. अशा उंदरांच्या दृष्टीने पुठ्ठा कधी इकडे तर कधी तिकडे असे, आणि त्यांच्या पेशींवरचा त्याचा ताबा सैल पडला. माणसांतही असेच काही दिसते : लंडनमधील संशोधकांना २०१२ मध्ये आढळले की ज्यांना रस्ते नीट सापडत नाहीत, त्यांचा कोणत्या वस्तू कायम जागच्या जागी राहतात याविषयीचा अंदाजही कमी अचूक असतो. रस्ता चुकणारा माणूस खुणा पाहत नाही असे नाही. उभ्या करून ठेवलेल्या गाडीलाही तो खूण मानतो.

माझा मनोरा तर हलणारा नव्हता, मग तो कुठे कमी पडला? त्याच्या चारही बाजूंना सारखेच घड्याळ होते. अशी खूण तुम्ही कुठे आहात ते सांगते, पण तिच्या कोणत्या बाजूला आहात ते सांगत नाही. दिशेसाठी एक तर फार दूरची खूण लागते, कारण आपण थोडे चाललो तरी तिची दिशा फारशी बदलत नाही. नाहीतर जवळच्या दोन खुणा, म्हणजे एकीच्या कोणत्या हाताला दुसरी आहे ते पाहता येते. म्हणून अनोळखी दाराने बाहेर आल्यावर मी आता दुसरी खूण सापडेपर्यंत पायरीवरच उभा राहतो, मागच्यांचा धक्का लागला तरी.

त्या दिवशी ती दुसरी खूण मला १५ मिनिटांनी भेटली. उजव्या हाताला असायला हवा तो पूल डाव्या हाताला दिसला, आणि मी जागचा हललो नसतानाही सगळे शहर माझ्याभोवती गर्रकन फिरल्यासारखे वाटले. पॅरिसमधील संशोधकांनी २००३ मध्ये अंधारात पुठ्ठा फिरवून मग दिवा लावला, तेव्हा उंदराच्या दिशापेशींना नव्या दिशेशी जुळवून घ्यायला सुमारे ८० मिलिसेकंद लागले होते.